पंख्याच्या पोटातली पिल्लं

कैबारिएन या बंदरगावातल्या आमच्या गल्लीत त्या काळी टेलिफोन एकाच घरात होता, माझ्या. नवरा बंदरावर कामाला असताना त्याला मिळालेला. नवरा गेला, टेलिफोन राहिला. पुढच्या खोलीत मी शिलाई मशीन चालवायची आणि बाजूच्या टेबलावर तो काळा टेलिफोन. कुणाचा फोन आला की दारात जाऊन हाक मारायची. गल्लीतल्या सगळ्यांची बोलणी मी अशी अर्धी अर्धी ऐकली आहेत, इकडच्या बाजूची तेवढी. पलीकडचं माणूस काय म्हणालं ते नंतर कॉफी पिताना कळायचं, नाहीतर कळायचंच नाही.

रविवारी दुपारी एवेलिओसाठी त्याच्या बायकोचा फोन यायचा. एवेलिओ समोरच्या घरात राहायचा आणि पंखे दुरुस्त करायचा. आमच्याकडे मे महिन्यापासून जो उकाडा सुरू होतो त्यात पंखा बंद पडला की माणूस बेकरीच्या आधी एवेलिओकडे धावतो. त्याची बायको ओदालिस नर्स होती, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डातली. दीड वर्षापूर्वी डॉक्टर-नर्सांची एक तुकडी व्हेनेझुएलाला गेली तिच्यात तीही गेली होती. डोंगरातलं कुठलंसं गाव होतं. मुलगी लग्न करून हवानाला गेलेली, तिचं तिचं चाललेलं. एवेलिओ घरात एकटाच.

सुरुवातीला त्यांचं बोलणं लांबायचं. पुढे पुढे ते आटत गेलं. मी मशीन थांबवायची नाही, तरी कळायचं. जेवलास का, जेवलो. उकडतंय का, उकडतंय. तुझ्याकडे थंडी आहे का, आहे. मग दोघंही गप्प, आणि रिसीव्हरमधून नुसता खरखराट. लाइन तुटली की तो मला म्हणायचा, "ओदालिसनं तुला नमस्कार सांगितलाय." सांगितला असेल-नसेल, मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिला महिन्याची रजा मिळायची होती. एवेलिओनं जूनपासूनच तयारी सुरू केली. भिंतींना चुना लावला. न्हाणीघराचं दार तासून नीट बसवलं. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, बाई यायला अजून दोन महिने आहेत, तोवर चुना पुन्हा काळा पडेल. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी खिडकीची झडप रंगवायला घेतली.

मग त्यानं तिचा पंखा काढला. पलंगाच्या उशाशी असायचा तो, जुना रशियन, पाती प्लास्टिकची. त्याच्या आवाजाशिवाय ओदालिसला झोप यायची नाही. ती गेल्यापासून एवेलिओनं तो लावलाच नव्हता, स्वतःसाठी दुसरा वापरायचा. दीड वर्षात त्याच्यावर धूळ बसली होती आणि मागच्या झाकणात कुणीतरी संसार थाटला होता. एवेलिओनं पेचकस लावून झाकण ओढलं तसं आत टर्रकन काहीतरी फाटलं.

मी तेव्हा एका मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या पोशाखाला लेस लावत होते. एवेलिओ ते झाकण दोन्ही हातांत आडवं धरून, बशीतली कॉफी सांडू नये तसा, रस्ता ओलांडून आला.

"हासिंता, हे बघ."

मी बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. पांढऱ्या रेशमाची जाड पिशवी, एका बाजूनं फाटलेली, आणि आत पिवळट दाणे. दाण्यांना पाय होते. ना पळत होते, ना काही. एखादा पाय तेवढा हलायचा, झोपेत मूल हलवतं तसा.

"कोळी आहेत," मी म्हटलं. "बाहेर ने आधी. हा पोशाख पांढरा आहे."

त्यानं बाहेर नेलं, पण टाकलं नाही. आई पण होती म्हणाला. करड्या रंगाची, पाठीवर नारिंगी, अंगावर केस. झाकण निघालं तेव्हा ती पळाली नाही. वळली आणि मान वर करून त्याच्याकडे बघत बसली, म्हणाला. मग मनगटावर उडी, तिथून भिंतीवर. जाळं विणणारे कोळी वेगळे, हे उडी मारून शिकार करणारे. आमच्याकडे प्रत्येक घरात एखादा असतो, खिडकीवरच्या माश्या खातो म्हणून त्याला कुणी मारत नाही. पण त्यांची पिल्लं अशी उघडी पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

रविवारी फोन आला. जेवलास का झालं, उकडतंय का झालं, आणि गप्प बसायची वेळ आली तेव्हा एवेलिओ म्हणाला, "अगं, तुझ्या पंख्यात कोळिणीनं अंडी घातली होती. माझ्या हातून पिशवी फाटली." त्यानंतर तो बराच वेळ नुसतं ऐकत होता. मग एकेका प्रश्नाला उत्तरं देऊ लागला. हलतात, पण थोडे. पिवळट. नाही, डोळे दिसत नाहीत. नाही, काही घातलं नाही खायला. पंख्यातच आहेत अजून.

लाइन तुटल्यावर त्याचा चेहरा मी कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता तसा होता. म्हणाला, आधी ती हसली. मग एकदम तिचा वॉर्डातला आवाज लागला. दिवस भरलेले नाहीत, म्हणाली, एवढंच. खायला काही द्यायचं नाही, त्यांच्या पोटात आहे अजून. ऊब हवी पण ऊन नको. ओल हवी पण पाणी नको. आणि सारखं हात लावून बघायचं नाही.

"हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं," एवेलिओ म्हणाला.

त्यानं माझ्याकडूनच एक काचेची बरणी नेली, पेरूच्या मुरांब्याची. तळाला ओला कापूस, त्यावर कोरडा कागद, त्यावर ती फाटकी पिशवी. तोंडाला मी माझ्या कापडातला विरळ जाळीचा तुकडा बांधून दिला. आई दुसऱ्या दिवशी झडपेमागे सापडली. तिलाही त्यानं बरणीत सोडली, तिची पोरं तिला मिळावीत म्हणून. पण ती पिल्लांकडे फिरकेना. सारखी जाळीच्या कापडाखाली, कडेकडेनं फिरायची, पायांनी चाचपायची.

दुपारच्या कॉफीला मी आता त्याच्याकडे जाऊ लागले. कोळ्यांसाठी नाही, मला त्यांची शिसारी यायची. पण बरणी समोर ठेवून एवेलिओ बोलायचा, आणि दीड वर्षात तो माझ्याशी बोललेला नव्हता तेवढं बोलायचा. गल्लीतही बातमी पसरली. रेम्बेर्तो आणि त्याची मंडळी दारापुढे टेबल टाकून डॉमिनो खेळायची. एवेलिओ पाव घेऊन चालला की रेम्बेर्तो सोंगट्या खाली ठेवायचा.

"काय सुईणबाई, बाळंतीण कशी आहे?"

"तुझ्यापेक्षा शहाणी आहे. डॉमिनो खेळत नाही."

"आणि दूध कोण पाजतंय? हासिंता?"

मी खिडकीतून त्याला माझी कात्री दाखवली.

पुढच्या रविवारी एवेलिओनं ओदालिसला आईचं सांगितलं. ती पोरांकडे बघत नाही, दिवसभर दाराशीच असते. पलीकडून काय आलं ते मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तो रिसीव्हर घट्ट धरून म्हणाला, "पण मग ती येणार नाही परत." थोड्या वेळानं म्हणाला, "बरं."

ओदालिस म्हणाली होती, तिला जाऊ दे. राहायचं असेल तर राहील. कोंडून ठेवलेली आई काही उपयोगाची नसते, ती फक्त दार शोधत बसते.

त्याच संध्याकाळी त्यानं जाळी सोडली. कोळीण बरणीच्या काठावर आली. तिथून झडपेवर. तिथं थांबून तिनं वळून बघितलं, एवेलिओ म्हणतो. तिच्या तोंडाशी हिरवं काहीतरी चमकलं, मग बाहेरच्या बदामाच्या फांदीवर तिनं उडी घेतली. त्यानंतर बरेच दिवस तो पंख्याचं काम खिडकीत बसून करायचा, आणि स्क्रू हातात घेऊन झाडाकडे बघत राहायचा.

काही पिल्लं सुकली. पिवळट दाणे तपकिरी होऊन आक्रसले. एवेलिओनं ते फोनवर सांगितलं तेव्हा माझ्याकडे पाठ करून सांगितलं. मग तिनं जे सांगितलं ते मला नंतर सांगताना तो जरा अडखळला. म्हणाली, होतं तसं. गेलेल्यांजवळ बसून राहिलं की उरलेल्यांचं दुखणं दिसत नाही. उरलेल्यांकडे बघ.

उरलेल्यांनी एका सकाळी कात टाकली. मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तेवढ्यात तो अर्धी दाढी केलेला धावत आला. मला ओढतच नेलं. कागदावर पिवळट असं काही उरलं नव्हतं. काळसर, मोहरीएवढी पोरं सगळ्या बरणीभर फिरत होती. त्यांना डोळे होते. पुढचे दोन एवढे मोठे की बाकीचं तोंड त्यांच्यामागे लपलेलं. मी वाकले तशी काचेला चिकटलेली दोन-तीन एकदम माझ्याकडे वळली. मी बोट उजवीकडे नेलं, तीही उजवीकडे वळली. माझी शिसारी कुठे गेली ते मला कळलं नाही.

आता खायला हवं होतं. पिकून फुटलेले पेरू मी ताटलीत ठेवले, त्यावर चिलटं जमली, एवेलिओ कागदाच्या नळीनं ती बरणीत सोडायचा. तीसुद्धा त्या पोरांना मोठी वाटायची. एक पोर चिलटावर उडी मारायचं, चुकायचं, स्वतःच्या धाग्याला लोंबकळायचं, पुन्हा वर चढून दबा धरायचं. रेम्बेर्तो एकदा टिंगल करायला म्हणून आला आणि खुर्ची घेऊन बसला. वीज गेली तरी उठला नाही.

रविवारचा फोन आता लांबला. ओदालिस फोनचं एक कार्ड संपलं की दुसरं घालून पुन्हा लावायची. पोरांबद्दल बोलता बोलता ते दुसरीकडे जायचे, अर्धं मला ऐकू यायचं, अर्धं तो नंतर सांगायचा. वॉर्डातल्या एका बाळाचे कान असे पातळ आहेत की त्यातून उजेड दिसतो. एवेलिओच्या आईचा गुडघा दुखायचा तो कुठला, उजवा की डावा. आपण गिबाराला गेलो होतो तेव्हा तुझी चप्पल समुद्रात गेली होती ना. हसताना एवेलिओ खुर्चीवर मागे रेलायचा. मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन काळ्या घेवड्यातले खडे वेचत बसायची.

मग पोरं एकमेकांना खाऊ लागली. एवेलिओ हादरला. ओदालिस म्हणाली, त्यांचं आईशिवायचं आयुष्य सुरू झालंय, आता वेगळं करायला हवं, नाहीतर सोडून द्यायला हवं. सोडून द्यायचं म्हटल्यावर दोघांनाही ते नको वाटलं. कुणी आधी म्हटलं माहीत नाही, पण ठरलं असं की ऑगस्टपर्यंत ठेवायची, ती आल्यावर दोघांनी मिळून सोडायची. दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणून एवेलिओनं त्या उकळून घेतल्या. एका बाटलीत एक पोर, तोंडाला कापसाचा बोळा. खिडकीच्या कठड्यावर त्या ओळीनं लावल्या. सकाळी उन्हाची तिरीप यायची तेव्हा प्रत्येक बाटलीतलं पोर कापसाच्या बोळ्याशी वर चढलेलं असायचं, मागची बाजू वर करून. वाऱ्यावर तरंगत जायला सोडतात तसा धागा सोडायचं, आणि तो काचेला चिकटायचा.

"बाहेर जायचंय त्यांना," मी म्हटलं.

"ऑगस्ट येतोच आहे," एवेलिओ म्हणाला.

जुलै अर्धाही सरला नव्हता तेव्हाचा तो रविवार. एवेलिओ नेहमीप्रमाणे बोलू लागला, तिसऱ्या बाटलीतल्यानं परत कात टाकली म्हणून. मधेच थांबला. त्यानंतर त्याचं नुसतं हं, हं चाललं. मग "कधीपर्यंत?" मशीनवरचा माझा पाय आपोआप थांबला.

"विचारायचं तरी होतंस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. पुढे म्हणाला, "नाही, मी रागावलो नाही. पण ही पोरं थांबू शकत नाहीत, ओदालिस."

पलीकडून ती खूप वेळ बोलत होती. त्यानं एकदाही हं केलं नाही. लाइन तुटल्यावर रिसीव्हर ठेवला आणि तिथंच बसला. मी कॉफी केली. त्यानं ती हातात धरून गार केली.

ऑगस्टची रजा पुढे गेली होती, कदाचित नाताळनंतर. पण खरी गोष्ट ती नव्हती. तिनं आणखी दोन वर्षांसाठी सही केली होती. वॉर्डात तिच्या हाताखाली चार मुली शिकत होत्या, त्या तयार व्हायच्या होत्या. शिवाय तिला तिथं राहावंसं वाटत होतं, हेही तिनं सांगितलं. लपवलं नाही.

"आणि रडत होती," एवेलिओ म्हणाला. "सही केल्याबद्दल नाही. म्हणाली, काल रात्री पांघरुणात पडल्या पडल्या आठवायला लागले, तर आपल्या खोलीतली खिडकी पलंगाच्या कुठल्या बाजूला आहे, तेच आठवेना. सगळं घर आठवलं, म्हणाली, ती खिडकी आठवेना."

तो उठला, रस्ता ओलांडून घरात गेला. दार उघडंच होतं. तो खोलीच्या मध्यभागी उभा राहून खिडकीकडे बघताना मला दिसला.

मंगळवारी सकाळी त्यानं मला हाक मारली. लोखंडी तारांच्या टोपलीत सगळ्या बाटल्या ठेवल्या होत्या. गच्चीवर चल म्हणाला. माझे गुडघे धड नाहीत आणि त्याच्या गच्चीला शिडी आहे, जिना नाही. मी म्हटलं, तू सोड की, मी काय करू वर येऊन. म्हणाला, "रविवारी मी सांगेन तेव्हा माझा घसा भरला तर तू सांगायचंस. कुणीतरी बघितलेलं हवं."

मी चढले. तो खालून माझे पाय एकेका पायरीवर ठेवत होता.

समुद्राकडून वारा होता. त्यानं एकेक बोळा काढून बाटल्या कठड्यावर आडव्या ठेवल्या. काही पोरं लगेच बाहेर आली, काही कितीतरी वेळ तोंडाशी बसून राहिली. मग एक कठड्याच्या अगदी टोकाला गेलं, पायाच्या बोटांवर उभं राहिल्यासारखं झालं आणि मागची बाजू वर केली. धागा दिसत नव्हता, उन्हात मधेच चकाकला तेवढाच. आणि ते तिथं नव्हतं. उडून गेलं असंही दिसलं नाही, फक्त जागा रिकामी झाली. मग दुसरं. काही नुसती कुंडीतल्या कोरफडीवर चढली आणि तिथंच राहिली. एक माझ्या बाहीवर आलं, माझ्याकडे बघू लागलं. मी ओरडले नाही याचं मलाच नवल वाटलं. एवेलिओ म्हणाला, "ते तुला ओळखतं." मी बाही कठड्याला लावली तेव्हा कुठे ते उतरलं.

सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या तरी तो उभा होता. वायव्येकडे, बेटांच्या बाजूला बघत होता. व्हेनेझुएला त्या बाजूला नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार.

रविवारी त्यानंच सांगितलं. त्याचा घसा भरला नाही, मला काही सांगावं लागलं नाही. सांगून झाल्यावर दोघंही गप्प झाले, पूर्वीसारखे. आता पुन्हा जेवलास का आणि उकडतंय का, असं मला वाटलं आणि मी घेवडा निवडायला उठले. तर मागून आवाज आला.

"खिडकी तुझ्या उजव्या हाताला आहे. तू आडवी झालीस की उजव्या. खाली खिळा आहे, त्याला तू केसांचे रबर अडकवायचीस. चार आहेत अजून. एक हिरवं."

मग त्यानं तिला कपाट सांगितलं. कपाटाचं दार कुठं घासतं ते. पुढच्या रविवारी स्वयंपाकघर, त्यानंतर अंगण. घर संपलं तेव्हा गल्ली घेतली, एकेक दार, रेम्बेर्तोचं डॉमिनोचं टेबल कुठल्या पायावर लंगडतं इथपर्यंत. तिनं काही विसरू नये, हीच तिची धडपड होती आणि त्याचीही. दोन वर्षं हे चाललं. मधे ती नाताळनंतर महिनाभर येऊन गेली, केस आखूड केलेली, बारीक झालेली. पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागत होते, मग बरे झाले, तोवर तिची विमानतळाकडची बस आली.

आता ओदालिस कायमची परत आली आहे. इथल्याच दवाखान्यात असते. सुखात आहेत, भांडतात, कॉफीवरून जास्त. गल्लीत आता बऱ्याच घरांत फोन आले आहेत, त्यांच्याकडे नाही. परवा दुपारी माझा वाजला. पलीकडे बाईचा आवाज, डोंगराकडचा, शब्द लांबवत बोलणारा. ओदालिस आहे का. मी हाक मारली तशी ती अनवाणी धावत आली. पातळ कानांच्या त्या बाळाची आई होती. पोरगं आता शाळेत जायला लागलं होतं.

ओदालिस बोलू लागली तेव्हा तिचा आवाजच बदलला. तीही शब्द लांबवायला लागली. हसली, कुणाकुणाची नावं घेऊन विचारलं, त्या उताराच्या रस्त्यावर अजून धुकं उतरतं का असं विचारलं, आणि उत्तर ऐकताना डोळे मिटून घेतले.

एवेलिओ तिच्या मागोमाग आला होता, पंख्याचं एक पातं हातात तसंच. तो दारात उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं. त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि तिची बाजू ऐकत राहिला.